दोन पंधरवड्यांमधला दिवस

मायाक्काची पत्र्याची पेटी महिन्यातून दोनदा गल्ली ओलांडायची. गल्ली कसली, बोळच तो. दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. बोळाच्या अलीकडं थोरला भाऊ येडू, पलीकडं धाकटा सिद्धाप्पा. दारं अशी समोरासमोर की येडूकडं मिरचीची फोडणी पडली की सिद्धाप्पाच्या घरात ठसका उठायचा.

नवरा वारला तेव्हा मायाक्का पस्तिशीची होती. पोटी मूल नाही, मेंढरं दिरानं आपल्या कळपात हाकून घेतलेली. भावांनी तिला सांगोल्याकडच्या रानातून सोलापूरला आणलं आणि ओट्यावर बसून ठरवलं. पुनव सरली की अवसेपर्यंत आक्का येडूकडं, अवस सरली की पुनवेपर्यंत सिद्धाप्पाकडं. अंधाराचा पंधरवडा थोरल्याचा, उजेडाचा धाकट्याचा. "आबाळातला चांद दोगांलाबी दिसतोय," येडू म्हणाला होता, "मग वाद कशापायी हुईल?" मायाक्काला हे ऐकून रडू आलं होतं. आपल्याला वाऱ्यावर सोडलं नाही, याचंच ते रडू.

त्याला आता अकरा वर्षं झाली होती.

येडूची बायको तानाबाई माणसांशी कमी आणि भांड्यांशी जास्त बोलायची. रागावली की तांब्या हातात घ्यायची आणि त्यालाच सांगायची, "तुला काय ठावं, किती जणांचं पाणी भराया लागतंय त्ये?" तांब्याला ठाऊक नसायचं, मायाक्काला बरोबर कळायचं. सिद्धाप्पाची बायको वच्छला एवढा आडमार्ग धरायची नाही. ती प्रश्नाला प्रश्न जोडायची.

"वच्छला, माझं लुगडं हितं ठिवू का?"

"तुमाला कुटं ठिवावं वाटतंय?"

"त्या खुटीला."

"खुटीला काय हाय त्ये दिसतंय न्हवं, वन्सं?"

खुंटीला सिद्धाप्पाचा सदरा असायचा. नसला तर पोरांचं दप्तर असायचं. लुगडं पेटीतच राहायचं.

दोघी वाईट नव्हत्या. आजारपणात तानाबाईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं, वच्छलानं तिला काढा पाजला होता. पण तो ताप नेमका पुनवेला आला होता, म्हणून अर्धा ताप इकडं आणि अर्धा तिकडं काढावा लागला. तापलेल्या अंगानं मायाक्का बोळ ओलांडून गेली, मागून पेटी आली.

पेटीबाहेरचं काही तिचं म्हणून टिकत नसे. एकदा तिनं येडूच्या परसात कोंबडी बसवली. उजेडाचा पंधरवडा संपवून परतली तर कोंबडी पाहुण्यांच्या ताटातून गेलेली. एकदा सिद्धाप्पाकडं लिंबाचं लोणचं घातलं. मुरेपर्यंत तिचा मुक्काम हलला, आली तेव्हा बरणी घासून पालथी घातलेली. चातीवर लोकरीचं सूत कातून ठेवलं, तर भाच्यांनी त्याची भोवऱ्याला जाळी केली. कुणी चोरलं नव्हतं. ती नव्हती, एवढंच झालं होतं.

तिला हवी होती एक खुंटी. आज अडकवलेलं उद्या तिथंच सापडेल अशी.

अशी खुंटी तिनं हेरून ठेवली होती, तीही घरापासून चार मैलांवर, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत. तिथं चनबसप्पांच्या शेडमध्ये ती कामाला होती. बारा माग, टॉवेल आणि चादरी. दिवसभर मागाला लागणाऱ्या सुताच्या कांड्या भरायच्या आणि पाळी सुटताना शेड झाडायची. शेडच्या पाठीमागं एक खोली होती, लांबीला दोन बाजा आणि रुंदीला दीड. झाडलेलं तूस, म्हणजे सुतावरून झडणारा कापसाचा भुरा, पोत्यांत भरून तिथं टाकायचं, व्यापारी येऊन नेईपर्यंत. खोलीला खिडकी होती, आत खुंट्या तीन होत्या, आणि तिन्ही मोकळ्या होत्या. मायाक्कानं त्या मोजल्या होत्या.

मालकाला विचारायचं तीन वर्षं चाललं होतं. माग चालू असताना विचारावं तर शेडमध्ये कानाशी ओरडलेलंही कळत नसे. तिथं सगळा कारभार हातवाऱ्यांनी चालायचा. दोन बोटं ओठांशी म्हणजे बिडी, मूठ कपाळावर म्हणजे जॉबर, मागांवरचा मुकादम, आला, दोन्ही हातांनी पोटासमोर मोठा घेर म्हणजे मालक आला. पण 'तुसाची खोली मला राहायला द्या' याला खूण कुणी काढली नव्हती. लाइट गेली की शेड एकदम गप्प व्हायची, तेव्हा विचारावं तर चनबसप्पा वीज मंडळाच्या सात पिढ्या कानडीत मोजत असायचे.

सन अठ्ठ्याहत्तरचा उन्हाळा लागला आणि शेडमध्ये दोन नव्या गोष्टी आल्या. एक, छताला दुसरा पंखा. दुसरी, मालकांचा पुतण्या शिवयोगी. हा कॉलेजात फिजिक्स शिकवायचा. घरात अभ्यास होत नाही म्हणून तो दुपारी शेडमध्ये येऊन बसायचा. बारा मागांच्या खडखडाटात अभ्यास कसा होतो असं जॉबरनं विचारलं, तेव्हा म्हणाला, "इथं माझ्याशी कुणी बोलत नाही ना."

शिवयोगी सरांचं कुठलंही वाक्य 'समजा'च्या पाटावर बसल्याशिवाय जेवायला सुरुवात करत नसे. समजा चहा घेतला. समजा पंखा बंद केला. वसंत व्याख्यानमालेत त्यांना एक दिवस मिळाला होता आणि त्याची तयारी चालली होती. पुण्याहून कुणी मित्रानं एका इंग्रजी लेखाची प्रत पाठवली होती. ती ते इतकी वाचायचे की कडा लोकरीसारख्या झाल्या होत्या.

एप्रिलातल्या एका दुपारी लाइट गेली. माग थांबले. मालक कानडीत सुरू झाले. मायाक्का केरसुणी घेऊन भिंतीकडं निघाली तर सर वाकून मागाखाली काहीतरी बघत होते.

"मायाक्का, ही तुसाची गोळी कशी झाली?"

"आपसूक."

"आपसूक म्हणजे कशी?"

"आपसूक म्हंजी आपसूक. मी काय हितं लाडू वळाय बसत न्हाय, सर."

सरांनी गोळी तळहातावर घेतली. बोराएवढी, हलकी, गोल. "समजा," ते म्हणाले, "सूर्य नुकताच पेटलाय. त्याच्या भोवती धुरळा फिरतोय, जात्याभोवती पीठ पडावं तसा. कण कणाला हळूच लागतो आणि चिकटतो. असं चिकटत चिकटत खडा होतो, खड्यांचं ढेकूळ, ढेकळांचा डोंगर. डोंगर डोंगरांना ओढून घेतात आणि पृथ्वी होते."

"लई दिस लागत असतील."

"कोट्यवधी वर्षं."

"मग सावकाश चाललंय," मायाक्का म्हणाली आणि केरसुणी भिंतीला टेकवून खाली बसली. लाइट गेल्यावर बसायला कुणी हरकत घेत नसे.

"आता समजा, सूर्य दोन आहेत."

"दोन कशाला?"

"असतात. आभाळातले निम्म्याहून जास्त तारे जोडीनंच असतात. एकमेकांभोवती फिरतात. आपला सूर्य एकटा."

"बरं हाय की त्याचं मग."

सरांना ते ऐकूच गेलं नाही. त्यांचा पाट मांडून झाला होता. "दुसरा सूर्य काय करतो, ह्या धुरळ्याला ओढ लावतो. एकदा इकडून, एकदा तिकडून. कण सुतासारखे सरळ फिरत होते, ते वेडेवाकडे फिरायला लागतात. मग हळूच लागायचं राहिलं, आपटतात. आपटले की चिकटत नाहीत, फुटतात."

"म्हंजी पुन्ना धुरळा."

"पुन्हा धुरळा. म्हणून माझ्या व्याख्यानाचं नाव आहे 'दोन सूर्यांच्या घरी ग्रह नाही'. ग्रह तयार असता तर एखादे वेळी टिकलाही असता. तयारच होत नाही, ही अडचण."

मायाक्का लुगड्याचा पदर बोटाला गुंडाळत, सोडत बसली. मग म्हणाली, "असं सरसकट नगा म्हनू, सर."

"का?"

"माझ्या झाडण्यात तसं न्हाय." तिनं उठून केरसुणीच्या बुडानं जमिनीवर दाखवलं. एक पंखा होता तेव्हा त्याच्या भोवतीनं गोळ्या जमायच्या, कुठंही झाडा. दुसरा लागल्यापासून दोन पंख्यांच्या मधल्या पट्ट्यात एक गोळी सापडत नाही. तिथं तूस नाचतं, फुटतं, नाकात जातं. "पर ह्या पंख्याच्या अगदी बुडाला बघा. बारकी गोळी हाय का न्हाय? त्याच्याबी बुडाला हाय. अन् ती लांबच्या भितीकडची बघा, दोनी पंख्यांपास्नं लांब. तितली तर केवढी हाय. लिंबागत."

सर भिंतीपर्यंत गेले. लिंबाएवढ्या गोळीकडं बघत उभे राहिले. तेवढ्यात लाइट आली, बारा माग एकदम सुरू झाले आणि ते काय म्हणाले ते मायाक्काला कळलं नाही. त्यांनी हवेत दोन गोल काढले, एक बारीक, एक मोठा. शेडमधली ही नवीन खूण होती. जॉबरला वाटलं, सरांना डोसा पाहिजे.

चैत्रातली अवस त्या वर्षी शनिवारी सकाळी लागली आणि रविवारी सकाळी दहाच्या सुमारास सुटली. येडूच्या भिंतीवर अडत्यानं दिलेलं कॅलेंडर होतं, त्यात शनिवारच्या चौकटीत अमावस्या छापलेली. म्हणजे रविवारपासून सिद्धाप्पाचा पंधरवडा. सिद्धाप्पाकडं कॅलेंडर नव्हतं. देवळातला गुरव सांगेल ते खरं, आणि गुरव म्हणाला होता, ज्या दिवशी उगवत्या सूर्याला अवस तो दिवस अवसेचा. म्हणजे रविवारी अजून येडूचाच पंधरवडा.

असा दिवस वर्षातून दोनतीनदा यायचा. आभाळातला चांद दोघांना दिसायचा, पण अवसेला न दिसणारा चांद एकाच्या हिशेबी एका दिवशी नाहीसा व्हायचा आणि दुसऱ्याच्या हिशेबी दुसऱ्या. त्या दिवशी मायाक्का सकाळीच सांगून टाकायची, "माझा आज उपास हाय." मग दोन्ही घरं मोकळी व्हायची. आक्का देवाधर्माची आहे, असं दोघे भाऊ चारचौघांत कौतुकानं सांगायचे.

त्या रविवारी ती तोंड धुऊन आली तर पेटी आधीच ओट्यावर होती. आत तानाबाई तांब्याला सांगत होती, "काल अवस झाली म्हनावं. काल आमी ताट वाढलं. आज आमच्याकडं पाव्हणं हायती, कुटं कुटं पुरायचं ह्या तांब्यानं?"

मायाक्कानं पेटी उचलून बोळ ओलांडला.

वच्छला दारात तांदूळ निवडत होती. "वन्सं, आज कोण वार?"

"ऐतवार."

"अन् अवस कवा सुटती?"

"धा वाजता, म्हनं."

"मग सूर्व्या उगावला तवा काय हुतं?"

"अवस."

"मग मी काय म्हनू?" वच्छलानं एक खडा उचलून बोळात टाकला.

सिद्धाप्पा आत दाढी करत होता. त्यानं आरशातून आक्काकडं पाहिलं आणि वस्तरा गालावरून जास्तच हळू फिरवायला सुरुवात केली. येडू बाजारात गेला होता. मायाक्का बोळाच्या मधोमध उभी राहिली. 'उपास हाय' एवढं म्हटलं असतं तर संपलं असतं. तिनं तोंड उघडलं, आणि ते शब्द आलेच नाहीत. तिनं पेटी डोक्यावर घेतली आणि चालू लागली. दोन्हीपैकी कुठल्याही दारातून 'कुटं निगालीस?' असं आलं नाही, कारण दोघींनाही वाटलं, समोरच्या दारात गेली.

चार मैल ऊन तुडवून ती शेडवर पोचली. अवसेला माग बंद ठेवायची चनबसप्पांची रीत होती, त्यामुळं कुणी नसणार, ओसरीला बसू, असा तिचा विचार. पण आत पंखे चालू होते. शिवयोगी सर स्टुलावर उभे राहून मुठी मुठीनं तूस उडवत होते. केस, भुवया, चष्मा सगळं पांढरं.

"मायाक्का, बरं झालं आलीस. समजा मी इथून सोडतोय. तू भिंतीकडं बघ." मग त्यांची नजर पेटीवर गेली. "हे काय? गावाला निघालीस?"

"न्हाय. आज कुनाचाच दिस न्हाय."

"म्हणजे?"

तिनं सांगितलं. पुनव, अवस, कॅलेंडर, गुरव. सांगताना तिचं तिलाच हसू आलं. सर स्टुलावरून उतरले आणि पंखे बंद केले. आख्ख्या शेडमध्ये तूस हळूहळू खाली येत राहिलं.

"तू बरोबर सांगितलं होतंस," ते म्हणाले. ते अजून त्यांच्याच आभाळात होते. "लेखातलं गणित सूर्य किती जवळ यावर आहे. जोडी जवळची असेल तर मधे आणि आसपास काही बनत नाही. पण जोडी फाकलेली असेल तर एकेकाच्या अगदी पायाशी बनू शकतं. नाहीतर मग दोघांपासून पुष्कळ लांब, दोघांना मिळून एकच समजायचं आणि भोवतीनं फिरायचं. तिथं ओढाताण पोचते, पण सौम्य."

"तितं उजेड पोचतो का?"

"थोडा. गारठा असणार."

"अन् मधल्या पट्ट्यात?"

"मधे काही नाही."

त्यांनी डबा सोडला. कडक भाकरी, शेंगांची चटणी, कांदा. अर्धी भाकरी तिच्यापुढं धरली. मायाक्कानं सवयीनं हात आडवा केला, "माझा उपास..." आणि थांबली. मग भाकरी घेतली. सर चटणी पुढं सरकवत राहिले आणि ग्रहांचं बोलत राहिले. आज आपण हिला जेवायला घातलं हे या माणसाला कळलेलंही नाही, असं तिला वाटलं.

दुपारी चनबसप्पा मागांना नारळ फोडायला आले. मोठा घेर, पांढरं धोतर, कपाळाला विभूती. त्यांची बोलण्याची तऱ्हा अशी की आधी माणसाला पूर्ण कबूल करायचं आणि मग परत घ्यायचं.

नारळ फुटला. खोबऱ्याचा तुकडा हातावर पडला आणि मायाक्का म्हणाली, "मालक, तुसाची खोली मला राह्यला द्या."

तीन वर्षं पोटात ठेवलेलं वाक्य बाहेर आलं तेव्हा इतकं आखूड निघालं की तिलाच नवल वाटलं.

"एन मायाक्का, खोली?" चनबसप्पा म्हणाले. "तुला लांबून यावं लागतंय, ते खरं. पण तूस कुठं ठेवायचं?"

"ओसरीला पोती रचते. पावसाळ्याच्या आत पत्रा घालू."

"हौदु, पत्रा घालता येतोय, ते खरं. पण एकटी बाईमाणूस."

"हितं रातपाळीचा वाचमन असतोय की."

"असतोय, ते खरं. पण तुझे भाऊ काय म्हणतील? बहिणीला कारखान्यात टाकली म्हणून लोक त्यांना बोलणार, आणि ते मला बोलणार."

"काका, समजा दिली," शिवयोगी सर मधेच म्हणाले.

"तू समज, तुला काय. खोली माझी आहे." चनबसप्पांनी खोबरं चावलं. "दोघांनी येऊन तोंडानं सांगू दे. दोघांनी. एकानं सांगितलं तर उद्या दुसरा दारात येऊन बसेल."

दिवे लागायच्या वेळेला मायाक्का बोळात परतली, पेटीशिवाय. येडू आणि सिद्धाप्पा आपापल्या ओट्यावर बसले होते. ती मधे उभी राहिली आणि सांगितलं.

मग येडू उठला. "आक्का, आमी मेलोय का? कारखान्यात राह्यची वेळ आली तुझ्यावर?"

"वेळ न्हाय आली. मला राह्यचंय."

"हे सगळं आजच्यापायी," सिद्धाप्पा वहिनीच्या दाराकडं बघत म्हणाला. "आज आक्काला दारातनं लावून दिलं कुनी?"

"लावलं कुनी? आजचा दिस तुजा हुता."

"माजा कसा? गुरव म्हनला..."

"गुरवाला काय कळतंय? कॅलेंडर छापतात ती मानसं काय येडी हायती?"

तानाबाई तांब्या घेऊन दारात आली, वच्छला सूप घेऊन. शेजारची दोन दारं उघडली. ती दारं उघडली तसं येडूच्या बोलण्यानं एकदम पलटी खाल्ली. "बरं, चल, आजचा दिस माजाच हुता. कॅलेंडर बाजूला ऱ्हाऊ दे. थोरला हाय मी. आक्का माझ्याकडंच जेवणार हुती."

"तुज्याकडं कशी? तुज्याच कॅलेंडरात माजा पंधरवडा लागलाय न्हवं? माजाच दिस हुता. वच्छला, आक्काला ताट वाढ."

"तानाबाई, तू आधी वाढ."

सकाळी जो दिवस कुणाचाच नव्हता त्यावर दिवेलागणीला दोघांनी हक्क सांगितला होता. दोन्ही घरांतून ताटल्यांचा आवाज आला. मायाक्कानं दोन्हीकडं पाहिलं.

"आज माझा उपास न्हवता," ती म्हणाली. "अन् मागल्या अवसेलाबी न्हवता. अकरा वरसांत एकबी उपास न्हवता माझा."

ताटल्यांचा आवाज थांबला. सिद्धाप्पानं गालावरून हात फिरवला, सकाळी वस्तरा फिरवला होता तिथंच. येडू ओट्यावर बसला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "सांगायचं तरी, आक्का."

"कुणाला सांगू?"

तानाबाईनं तांब्याकडं पाहिलं. पहिल्यांदाच तिला त्याला सांगण्यासारखं काही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोघे भाऊ एकाच सायकलवर डबलसीट चनबसप्पांकडं गेले. मालक सगळ्याला 'ते खरं' म्हणाले आणि 'पण' म्हणायचं विसरले.

खोली झाडायला मायाक्काला दोन दिवस लागले. इतकं तूस निघालं की भिंतींचा रंग निळा होता हे तेव्हा कळलं. पहिल्या खुंटीला लुगडं, दुसरीला घोंगडी. तिसरीला अडकवायला काही नव्हतं.

आठवड्यानं सरांचं व्याख्यान झालं. संध्याकाळची वेळ, पुढं सतरंज्या, मागं खुर्च्या. बाया एका कडेला होत्या, मायाक्का त्यांच्याही कडेला. व्याख्यानाचं नाव बदललं होतं. 'दोन सूर्यांच्या घरी ग्रहाला जागा कुठं?' असं फळ्यावर लिहिलेलं तिला शेजारच्या बाईनं वाचून दाखवलं. सर छान बोलले. 'समजा' तर इतके झाले की पुढच्या रांगेतली दोन पोरं बोटांवर मोजायला लागली. असा ग्रह अजून कुणी पाहिलेला नाही, हे सगळं गणित आहे, असं त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. मग म्हणाले, "एका कारखान्यात मी कापसाच्या तुसाचं निरीक्षण केलं..." आणि दोन पंखे, मधला पट्टा, पायाशी बारकी गोळी, भिंतीकडची लिंबाएवढी, सगळं सगळं आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

एका म्हाताऱ्यानं उठून विचारलं, "दोन सूर्य असले तर माणसाच्या सावल्या किती पडतील?"

"समजा, दोन."

"मग माणूस एकटा कसा म्हणायचा?" म्हातारा म्हणाला आणि सगळे हसले.

संपल्यावर सरांभोवती गर्दी झाली. मायाक्का थोडी थांबली. सरांनी तिला पाहिलं, हवेत दोन गोल काढले, एक बारीक, एक मोठा, आणि हसून परत गर्दीकडं वळले. तिनंही हात उचलून मोठा गोल काढला. मग ती अक्कलकोट रोडला लागली.

खोलीतल्या पहिल्या दिवसांत तिला एक अडचण यायची, जी कुणाला सांगण्यासारखी नव्हती. सकाळी जाग आली की ती उठून बसायची आणि वाट बघायची. चूल तिची होती, चहाची पूड होती. पण चूल पेटवायला अकरा वर्षांत कुणीतरी 'पेटवा' म्हणायचं, नाहीतर कुणीतरी आधीच पेटवलेली असायची. आता बाहेर वाचमनच्या खोकल्याखेरीज आवाज नाही. ती गुडघ्यांना मिठी घालून बसून राहायची, शेडचा भोंगा होईपर्यंत, आणि तशीच बिनचहाची कामावर जायची. आज कुठला पंधरवडा चाललाय हेही तिला धड सांगता आलं नसतं. पुनव आली तेव्हा संध्याकाळी ती उगाच उठून उभी राहिली, कुठंतरी जायचं असल्यासारखी, आणि जायचं कुठंच नव्हतं.

भाऊ आले नव्हते. रागानं नाही. आता कुणी आधी जायचं, यावर दोन्ही घरांत चर्चा चालली असणार, हे तिला न सांगता कळत होतं.

पुनवेनंतरच्या चौथ्या का पाचव्या दिवशी सकाळी ती दारात बसली होती. रस्त्यानं कामगारांच्या सायकली चालल्या होत्या, डबे हँडलला लटकलेले. त्यांत सिद्धाप्पा होता. तो पलीकडच्या गाळ्यात कामाला जायचा, पण त्याचा रस्ता हा नव्हता. हा अर्ध्या मैलाचा वळसा. तिनं त्याला ओळखलं, त्यानं तिला पाहिलं. सायकल हळू झाली. पेडल मारायचं थांबवून तो तसाच, आपल्या वेगानं, खोलीसमोरून सरकत गेला. थांबला नाही.

"आक्का, च्या झाला का?" एवढं मात्र म्हणाला, मान न वळवता.

"करते आता," मायाक्का म्हणाली.

तो वळणापलीकडं गेला. ती आत आली आणि तिनं चूल पेटवली.